मका, मचाण आणि मेव्हणा

धनुष्यबाण म्हटलं की आजकाल मराठी माणसाला आधी निवडणूक आयोग आठवतो, मग सर्वोच्च न्यायालय, आणि सवड उरलीच तर प्रभू रामचंद्र. त्यामुळे टेक्सासातल्या सॅन अँटोनियोला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याने फोनवर मोठ्या अभिमानाने "भाऊजी, मी धनुष्यबाण घेतला," असं सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून "कोणत्या वॉर्डातून?" एवढंच निघालं.

"वॉर्ड नाही हो. शिकार. हरणाची."

मग मात्र मला काळजी वाटली. धनुष्यबाण घेऊन जनावरामागे गेलेल्या माणसाचं पुढे चांगलं झालं, असं उदाहरण आपल्या पुराणांत फारसं सापडत नाही. दशरथाने अंधारात पाण्याचा आवाज ऐकून बाण सोडला तो श्रावणाला लागला आणि घराण्याला शाप मिळाला. पंडूने हरणांच्या जोडीवर नेम धरला, तर त्यातलं हरीण हे मुळात हरीणच नव्हतं, किंदम नावाचे ऋषी होते. पंडूच्या संसाराची वाट लागली ती तिथपासून. रामाला तर हरीण सोन्याचं आहे म्हटल्यावरच शंका यायला हवी होती. जरा नावाच्या व्याधाला पिंपळाखाली विसावलेल्या श्रीकृष्णाचा तळपाय हरणासारखा दिसला. फायद्यात राहिला तो एकटा दुष्यंत, आणि त्याचंही पुढे अंगठीचं लफडं झालंच.

मी हे सगळं मेव्हण्याला ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणूनच इथे नियम आहेत." टेक्सासात शिकाऱ्याला सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढाच वेळ हरणावर बाण सोडता येतो. म्हणजे दशरथाला शापाच्या आधी दंडाची पावती मिळाली असती. शिवाय २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं, आणि त्यात समोर नक्की काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे ओळखल्याशिवाय नेम धरू नये, हे घोटून घेतात. दशरथाचा जन्म १९७१च्या आधीचा असल्यामुळे त्याला या वर्गातून सूट मिळाली असती हे खरं. सुटीचे तोटे असतात ते असे.

मेव्हण्याचा जन्म १९७१च्या नंतरचा. त्याने वर्ग केला, परीक्षा दिली, पंचवीस डॉलरचा परवाना काढला, वर धनुष्यासाठी लागणारे सात डॉलर भरले. एकूण बत्तीस डॉलर. इथपर्यंत हा छंद मला स्वस्त वाटला होता. मग आम्ही ऑक्टोबरात त्याच्याकडे गेलो आणि त्याने गॅरेज उघडलं.

धनुष्य म्हणजे वाकवलेली काठी आणि ताणलेली दोरी, ही माझी समजूत चित्रकथांतून झालेली. मेव्हण्याच्या हातात जे होतं त्याला दोन्ही टोकांना कप्प्या होत्या, तीन-चार दोऱ्या आडव्यातिडव्या गेलेल्या होत्या, नेम धरायला हिरवे-लाल ठिपके होते, तोल सांभाळायला पुढे एक दांडा होता. ही जात १९६६ साली मिसुरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने शोधली. गंमत अशी की सत्तर पौंडांचा जोर लावून दोरी मागे ओढली की शेवटच्या टप्प्यावर कप्प्या फिरतात आणि पाचांतले चार हिस्से भार त्या स्वतःवर घेतात. धनुर्धारी मग उरलेला भार धरून सावकाश नेम धरू शकतो. सीतेच्या स्वयंवरात हे धनुष्य ठेवलं असतं तर रावणानेही उचललं असतं आणि रामायण बालकांडातच गुंडाळावं लागलं असतं.

दोरी बोटांनी ओढायची नाही. त्यासाठी मनगटाला एक चाप बांधायचा. अंतर डोळ्यांनी मोजायचं नाही, त्यासाठी लेसरची दुर्बीण. बाण कार्बनचे, पाती वेगळी विकत घेऊन स्क्रूने बसवायची. आणि हे सगळं का, तर मेव्हणा म्हणाला, "बंदुकीने काय, कोणीही मारतं. यात कस लागतो."

म्हणजे दोनशे यार्डांवरून बंदुकीने जे काम चटकन होतं ते वीस यार्डांवर आणून मुद्दाम कठीण करायचं, आणि कठीण झालं की ते सोपं करण्यासाठी दुकानात जायचं. मला वाटतं, हौस या गोष्टीचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

हरणाचं नाक हा या खेळातला मुख्य शत्रू. वाऱ्यावर माणसाचा जरासा वास आला की हरीण शेपटी वर करतं, खालचा पांढरा भाग दाखवतं आणि दिसेनासं होतं. म्हणून मेव्हण्याकडे बिनवासाचा साबण होता, बिनवासाचा शाम्पू होता, कपडे धुवायची बिनवासाची पावडर होती, आणि ते कपडे बंद पेटीत मेस्किट नावाच्या झाडाच्या पाल्यात ठेवलेले होते. शिकारीच्या आदल्या दिवशी सकाळपासून घरात फोडणी बंद. मेव्हण्याच्या बायकोने उकडलेले बटाटे आणि दही एवढ्यावर आमची बोळवण केली. माझ्या बायकोने माहेरच्या माणसाची बाजू घ्यायची म्हणून दुपारपर्यंत कळ काढली, मग तिने गॅरेजमध्ये शेगडी नेऊन जिऱ्या-हिंगाची फोडणी केली. ती नेमकी त्या कपड्यांच्या पेटीशेजारी. मेव्हणा बहिणीला काही बोलला नाही. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

एका बाटलीवर हरिणीचं चित्र होतं. आत काय असेल ते मी विचारलं आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं. हरिणीचं मूत्र. माजावरच्या नराला भुलवायला विकत मिळतं. "पण दक्षिण टेक्सासात हरणांचा माज डिसेंबरात असतो," मेव्हण्याने स्वतःच सांगितलं.

"मग ऑक्टोबरात कशाला नेतोस?"

"असावं जवळ."

भल्या पहाटे आम्ही निघालो. रस्ता दक्षिणेला, फॅल्फुरिअस नावाच्या गावाकडे. वाटेतल्या पेट्रोल पंपांवर दुधाच्या पिशव्यांइतक्या सहजपणे मक्याची पोती विकायला ठेवलेली. पोत्यावर हरणाचं चित्र. मेव्हण्याने चार पोती घेतली. जनावराला मारायला निघालेला माणूस आधी त्याच्या जेवणाची सोय करतो, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. टेक्सासातली जवळपास सगळी, म्हणजे पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी आहे. त्यामुळे शिकारीसाठी कोणाची तरी जमीन वर्षाच्या कराराने घ्यावी लागते. त्याला लीज म्हणतात. मेव्हण्याच्या ऑफिसातल्या पाच-सहा जणांनी मिळून एक लीज घेतली होती.

उजाडायला लागलं तशी मला जागा दिसू लागली आणि मी डोळे चोळले. खुरटी काटेरी झाडं, मधून मधून रेताड जमीन, निवडुंगाची बेटं, कुठे हिरवळ म्हणून नाही. माझी सासुरवाडी मेहकर तालुक्यातली, लोणारपासून जवळ. लोणारच्या सरोवराभोवती माजलेली ती वेडी बाभूळ मी इतकी पाहिली आहे की काट्यावरून ओळखेन. आणि ती इथे होती! इथे तिला मेस्किट म्हणतात. जात थोडी वेगळी, पण कुळ एकच, आणि कुळाचं मूळ गाव इकडचं. आपल्याकडे ती इंग्रजांच्या काळात आली आणि बोडक्या माळांवर पसरली. फड्या निवडुंगही अमेरिकेतलाच. म्हणजे अमेरिकेने आपल्याला काटे पाठवले. इथले गुरंवाले दुष्काळात निवडुंगाच्या फड्यांवर गॅसची ज्योत फिरवून काटे जाळतात आणि गुरांना खायला घालतात, हे ऐकून तर मला एकदम बरं वाटलं. दुष्काळ कोणाला चुकलेला नाही.

शेजारीच किंग रँचची हद्द. १८५३ साली सुरू झालेली, सव्वाआठ लाख एकरांची. माझ्या सासऱ्यांची पाच एकर आहे आणि तिच्यातल्या बांधावरून अजून कोर्टात तारखा चालू आहेत. किंग रँचने हिंदुस्थानी वळणाची, वशिंडाची गुरं इथल्या गुरांशी जुळवून नवी जात तयार केली. टेक्सासातल्या उन्हाला आणि गोचिडाला ती गुरं टिकतात. अमेरिकेत हिंदुस्थानी वंशाच्या या गुरांना ब्राह्मन म्हणतात, आणि त्यांच्या रक्तात गीर, ओंगोल यांच्या जोडीला आपलं कृष्णाकाठचं रक्तही आहे. हे सांगताना मेव्हण्याने आवाज उगाचच खाली आणला. गाडीत आम्ही दोघेच होतो.

लीजवर झाडी कापून सरळ लांबलचक पट्टे काढलेले असतात. एका पट्ट्याच्या कडेला चार लोखंडी पायांवर पत्र्याची खोली उभी होती, आत ऑफिसातल्या दोन फिरत्या खुर्च्या. समोर वीस यार्डांवर तीन पायांवर उभं केलेलं एक पिंप. त्याला फीडर म्हणतात. खाली बॅटरीवर चालणारं भिंगरीसारखं चाक आणि घड्याळ. ठरलेल्या वेळी चाक फिरतं आणि मका चहूबाजूंना उडतो. मेव्हण्याने शिडी लावून पोती पिंपात रिकामी केली.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. याच माणसाचे वडील, म्हणजे माझे सासरे, रब्बीचा हरभरा उगवला की रात्र रात्र मचाणावर काढतात. रोह्यांचा कळप शेतात उतरला तर सकाळी शेत राहत नाही. रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं धूड, पण पाय टाकणं नाजूक. त्यांना अडवायला सासऱ्यांनी बुजगावणं करून पाहिलं, डबे बडवले, फटाके लावले, झटका मशीन बसवलं, शेताभोवती जुन्या साड्यांचं कुंपण केलं. माझ्या बायकोच्या लग्नातल्या दोन साड्या त्या कुंपणात गेल्या आहेत आणि त्यातली एक पैठणी होती असा तिचा दावा आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे जनावरावर आपल्या मनाने हात उचलता येत नाही. ओरडता येतं. नुकसान झालं तर अर्ज करता येतो, मग पंचनामा होतो. बापाचा जन्म जनावरांनी दाणा खाऊ नये म्हणून मचाणावर बसण्यात गेला. मुलगा शिकला, परदेशी गेला, आता जनावरांनी दाणा खावा म्हणून पैसे भरून मचाणावर बसतो. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

"भाऊजी," खोलीत शिरल्यावर तो कुजबुजला, "आता बोलायचं नाही."

"किती वेळ?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

मराठी माणसाला उपाशी ठेवता येतं, उन्हात ठेवता येतं, रांगेत तर हवं तितकं ठेवता येतं. त्याला मत व्यक्त करण्यापासून रोखता येत नाही. माझ्या आसपास मत द्यावं अशा कितीतरी गोष्टी घडत होत्या. काराकारा नावाचा ससाण्याच्या जातीचा पक्षी खांबावर बसून केस विंचरावेत तसा पिसं विंचरत होता. रोडरनर रस्त्याने खरोखरच धावत होता. हिरवा-निळा-पिवळा रंग एकाच अंगावर घेतलेले पक्षी कलकलाट करत होते, त्यांना कोणी गप्प बसवत नव्हतं. मी तोंड उघडलं की मेव्हणा माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचा. फिरती खुर्चीसुद्धा फिरवायची नाही. फिरती खुर्ची फिरवू नये हा नियम मी पूर्वी फक्त एका सरकारी साहेबाच्या केबिनमध्ये पाळला होता.

सूर्य वर आला. घड्याळाची वेळ झाली, पिंपातून घर्रर्र आवाज आला आणि मका उधळला गेला. पुढच्या पाच मिनिटांत जे झालं ते लग्नाच्या पंगतीत पाहिलेलं सगळ्यांना आठवेल. आवाज झाल्याबरोबर आधी पाखरं आली, कारण त्यांना कोणी बोलवावं लागत नाही. मग माद्या आल्या, पाडसं घेऊन, इकडेतिकडे बघत, आपण आलो आहोत हे कोणाला कळू नये पण कळावंही अशा बेताने. त्यांच्यातली एक थोराड मादी मधोमध उभी राहून बाकीच्यांना कान मागे करून दटावत होती. ती बहुधा वरमाय असावी. मग दोन कोवळी पोरं, शिंगं बोटभर, पहिल्याच वाढणीला हावरटासारखी पुढे. आणि झाडीच्या काठावर, उजेड आणि सावली यांच्या मधे, एक मोठा नर. शिंगं अशी की मेव्हण्याने श्वास रोखला. तो पुढे येईना. मका दिसतोय, वास येतोय, सगळे जेवताहेत, पण हा मानपानाचा व्याही आग्रहाची वाट पाहत तिथेच उभा. त्याला आग्रह कोण करणार? बाटली मेव्हण्याच्या खिशात होती, पण माज डिसेंबरात.

शिंगांचा हिशेब असतो. पोप अँड यंग क्लब नावाची धनुष्याने शिकार करणाऱ्यांची संस्था आहे, १९६१ साली स्थापन झालेली. शिंगांची लांबी, जाडी, फाटे, दोन शिंगांतलं अंतर हे सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजतात. बेरीज किमान १२५ आली तर त्यांच्या नोंदवहीत जागा. मेव्हण्याने मोबाइलवर लिहून दाखवलं: "१३०!" मी लिहिलं: "पण तो येत नाहीये." त्याने लिहिलं: "येईल."

तो आला नाही. अर्धा तास त्याने आमची आणि आम्ही त्याची परीक्षा घेतली आणि मग तो झाडीत मागे सरकला, कसलाही आवाज न करता. मग मेव्हण्याने वरमाय सोडून बाजूच्या एका मादीवर नेम धरायचं ठरवलं. परवान्यात पाच हरणांपर्यंत परवानगी असते, त्यात नर तीनच. मांसासाठी मादीच बरी, असं त्याने लिहून दाखवलं. हे त्याला दहा मिनिटांपूर्वी सुचलं नव्हतं.

त्याने दोरी ओढली. कप्प्या फिरल्या. मी डोळे मिटायचं ठरवलं होतं ते विसरलो. चाप दाबला, टप्प असा आवाज झाला आणि बाण गेला. इथे थोडं गणित सांगायला हवं. असा बाण सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास जातो, म्हणजे वीस यार्डांना त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. आवाज सेकंदाला अकराशे फूट जातो. म्हणजे दोरी सुटल्याचा निरोप बाणाच्या आधीच हरणाला पोचतो. हरीण पळण्यासाठी आधी खाली दबतं, उडी मारायला पाय गोळा करतं. त्यात ते बाणापासून वाचतं, आणि त्याला ते बहुधा माहीतही नसतं. मादी दबली, बाण तिच्या पाठीवरून गेला आणि मागच्या निवडुंगात घुसला. क्षणात मोकळा पट्टा आणि उधळलेला मका.

"दोरीवर उडी मारली तिने," मेव्हणा म्हणाला. बोललेलं चाललं असतं, आता ऐकायला कोणी नव्हतं.

बाण तेरा-चौदा डॉलरचा असल्यामुळे तो सोडून चालणार नव्हतं. निवडुंगाचे मोठे काटे दिसतात आणि बारीक कुसळं दिसत नाहीत. दिसतात ते टाळता येतात. बाकी वेळ आम्ही चिमट्याने एकमेकांच्या हातातली कुसळं काढण्यात घालवला. पायाखाली तांबड्या मुंग्यांचं वारूळ होतं. सापापासून संरक्षण म्हणून गुडघ्यापर्यंतचे जाड बूट घातलेले होते. खुळखुळ्या सापाच्या दातांना ते दाद देत नाहीत, मुंग्यांना मात्र वरून मोकळी वाट देतात.

तेवढ्यात झाडीतून कट-कट-कट असा आवाज आला. दातावर दात आपटल्याचा. आठ-दहा जावेलिना बाहेर आल्या. डुकरासारख्या दिसतात पण डुक्कर नव्हेत, वेगळ्याच कुळातलं जनावर. गळ्याभोवती फिकट पट्टा, पाठीवर वासाची ग्रंथी, आणि तो वास काय वर्णावा, हरिणीच्या बाटलीची मला एकदम आठवण येऊन ती बरी वाटली. त्यांना दिसतं कमी. आमच्यापासून दहा पावलांवर येऊन त्या निवडुंगाची फडी काट्यांसकट चावू लागल्या. ज्या काट्यांनी आम्ही घायाळ झालो होतो ते त्या चघळत होत्या. धनुष्य वर मचाणावर राहिलं होतं. मेव्हणा तसाच चिमटा हातात धरून उभा. एका वर्षात दोन जावेलिना मारता येतात. चिमट्याने किती, हे नियमात नाही.

दुपारी ऊन पस्तीस अंशांवर गेलं. हरणं सावलीला बसतात, शिकारी टिनाच्या शेडमध्ये. लीजवरचे बाकीचेही आले. एकाने पहाटे रानडुक्कर मारलं होतं. टेक्सासात रानडुकरांची संख्या वीस लाखांच्या वर असल्याचा अंदाज सांगतात, आणि शेतीचं नुकसान इतकं की २०१९पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्यांना मारायला परवानाही लागत नाही. हे ऐकून मला सासऱ्यांची फार आठवण झाली. त्यांच्याकडे रोह्यांच्या जोडीला डुकरंही आहेत.

गप्पांत धनुष्याचा इतिहास निघाला. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. याही नावाच्या जमातीतला, तिच्यातला शेवटचा. बाकीचे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत आणि उपासमारीत संपले होते. त्याने आपलं नाव सांगितलं नाही, म्हणून त्याच्या भाषेतला माणूस या अर्थाचा इशी हा शब्द त्याला चिकटला. त्याला सॅन फ्रान्सिस्कोत वस्तुसंग्रहालयात ठेवलं. ठेवलं हेच क्रियापद बरोबर आहे. तिथल्या विद्यापीठातला डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य बनवायला आणि जनावराजवळ सरकायला शिकला. १९१६ साली इशी क्षयाने गेला. पोपने पुस्तक लिहिलं, अमेरिकेत धनुष्याची हौस पुन्हा फोफावली, आणि पुढे क्लब निघाला तेव्हा त्याला नाव दिलं गेलं पोपचं आणि त्याचा मित्र आर्थर यंगचं. सांगणारा माणूस सज्जन होता, त्याला यात काही विशेष वाटलं नाही. गुरूने शिष्याचा अंगठा घ्यायची आपल्याकडची रीत मला माहीत होती. इथे गुरूचाच अंगठा आधी घेतला होता, विद्या नंतर.

संध्याकाळी पुन्हा मचाण. पुन्हा ओठांवर बोट. आता मीही तरबेज झालो होतो, म्हणजे बोलावंसं वाटणं थांबलं नव्हतं पण तोंड कोरडं पडलं होतं. पिंप घर्रर्र वाजलं, पाखरं आली. माद्या आल्या नाहीत. मेव्हणा दुर्बिणीतून व्याह्याची जागा बघत होता. सावल्या लांब झाल्या. आणि किंग रँचकडच्या कुंपणाखालून, खाली घसपटत, धुळीत पोट घासत, एक मोठं राखाडी धूड अलीकडे आलं, उठून उभं राहिलं आणि अंग झाडलं. पुढून उंच, मागून उतरतं, गळ्याला दाढी, छोटी शिंगं.

रोही. मेहकरचा रोही, टेक्सासात.

मेव्हण्याला ते माहीत होतंच. १९३०च्या आसपास किंग रँचवाल्यांनी नीलगायी आणून सोडल्या, त्या वाढल्या, आता या भागात हजारोंनी फिरतात. परक्या जातीचं जनावर म्हणून त्याला हंगाम नाही, मर्यादा नाही. वर्षभर कधीही आणि कितीही मारावेत. गोचीड पसरवतात म्हणून सरकारलाही ते कमी झालेले हवेच आहेत. कातडी अशी जाड की बंदूकवालेसुद्धा त्याच्याबद्दल जपून बोलतात. मेव्हण्याने हे मला वाटेत सांगितलंच होतं. लीजवरच्या सगळ्यांचं स्वप्न म्हणे धनुष्याने नीलगाय मारायचं.

तो रोही सरळ पिंपाकडे चालत आला. वीस यार्ड. बाजू दिलेली. मान खाली घालून मका खाऊ लागला. आवाज येत होता, कर्रम् कर्रम्. मेव्हण्याने धनुष्य उचललं. त्याचा चेहरा मला बाजूने दिसत होता. ओठ आवळलेले, कपाळावर घाम. त्याने चाप दोरीला लावला. रोहीने आणखी एक घास घेतला.

आणि दिवसभर मला हं सुद्धा म्हणू न देणारा, मोबाइलवर लिहून बोलणारा, खुर्ची न फिरवू देणारा तो माझा मेव्हणा ताडकन उभा राहिला, धनुष्य पत्र्यावर खण्णकन आपटलं, आणि खिडकीतून अर्धा बाहेर वाकून घसा फाटेल अशा आवाजात ओरडला:

"हाऽऽड! हाऽऽड हाऽड! हुर्रऽऽ! निंघ तिच्या मायला! हाऽऽड!"

रोहीने मान वर केली. कदाचित त्याच्या आज्याच्या पणज्याने कुठेतरी हे ऐकलं असावं. एका उडीत पट्टा ओलांडून तो झाडीत गेला, मागोमाग पिंपाखालची पाखरं, आणि लांब कुठेतरी आम्हाला न दिसलेला बहुधा तो व्याहीसुद्धा, कारण त्या बाजूनेही झाडी मोडल्याचा आवाज आला. मेव्हणा पत्र्यावर डबा बडवावा तसा हात बडवत होता. मग थांबला. माझ्याकडे पाहिलं.

त्याचा मोबाइल थरथरला. दुसऱ्या मचाणावरून कोणीतरी विचारत होतं, साप चावला का? मेव्हण्याने लिहिलं, नाही, नीलगाय होती. उलट प्रश्न आला, मग मारली का? त्यावर काय लिहावं ते त्याला सुचेना. त्याने मोबाइल खिशात टाकला.

"तोंडातून निघून गेलं, भाऊजी," तो म्हणाला. "मका खात होता ना."

"विकत आणून तूच टाकलाय."

"ते हाये. पण खात होता."

परत येताना गाडीतून त्याने मेहकरला फोन लावला. तिकडे पहाट होती, सासरे नुकतेच शेतातून आले होते. मुलाने आधी मला बोलायला दिलं. मी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं, दिवसभराचं साठलेलं होतं. धनुष्य सांगितलं, लीज सांगितली, जावेलिना सांगितली, रोही सांगितला. सासरे मधे एकदाही बोलले नाहीत. संपल्यावर त्यांनी विचारलं, "मका कोन्त्या भावानं भेटला तिकडं?"

मी भाव सांगितला. त्यांनी मनातल्या मनात क्विंटलचा हिशेब केला, ते फोनवर ऐकू येत होतं.

"एवढा महाग मका रोह्याले?" ते म्हणाले. "जावईबापू, त्याले म्हणा, इकडं हरभऱ्यात पंधरा येऊन राह्यले रोजचे. त्याहीले काय बी टाका लागत नाय. अन् आवाज त्याचा अजून चांगला असंन, त दिवाळीले ये म्हणा, मले आता वरडवत नाय."